साथ की संवाद? व्हायोलिन-पियानो युगुलवादनाची समीक्षा

व्हायोलिन आणि पियानोच्या मैफलीचे परीक्षण लिहायला सांगितले की वहीत एक वाक्य हमखास येते : 'व्हायोलिनवादन रंगले, पियानोची साथ समर्पक होती.' रायपूर-खैरागड भागात आपले कान हिंदुस्थानी मैफलीवर तयार झालेले असतात. मुख्य कलाकार मध्यभागी, तबला-हार्मोनियम बाजूला. तोच आराखडा आपण नकळत सोनाटावर बसवतो आणि तिथेच चुकतो.

इतिहास पाहा. मोझार्टच्या १७७८ साली पॅरिसमध्ये छापलेल्या सहा सोनाटांच्या मुखपृष्ठावर त्या कळफलकाच्या वाद्यासाठी, 'व्हायोलिनच्या साथीसह' असल्याचे म्हटले आहे. म्हणजे साथीदार ठरला होता तो व्हायोलिनवाला! १८०३ मध्ये व्हिएन्नात बेथोवेनने तरुण व्हायोलिनवादक ब्रिजटॉवरसोबत 'क्रॉयट्झर' सोनाटा प्रथम सादर केला, तोवर दोन्ही वाद्ये बरोबरीने झुंजू लागली होती.

आता तरुण कलाकारांचेच उदाहरण घेऊ. यहुदी मेनुहिन आणि त्याची धाकटी बहीण हेफ्झिबा यांनी १९३३ साली मोझार्टचा ए मेजर सोनाटा (के. ५२६) ध्वनिमुद्रित केला. तो सतरा वर्षांचा, ती तेरा. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या साल प्लेयेलमध्ये दोघांनी मैफल केली. हे ध्वनिमुद्रण मिळवून ऐका.

मधला संथ भाग (अँदान्ते) आधी ऐका. पियानोचे दोन्ही हात एकच चाल सप्तकाच्या अंतराने, सम पावलांनी चालवतात. व्हायोलिन छोटे छोटे उद्गार काढते. इथे पियानोला नुसती साथ समजून वाजवले तर भाग कोसळेल, कारण चालणारा तोच आहे. हेफ्झिबा ही चाल घाईने वा लाडिकपणे वाजवत नाही, आणि नावाजलेला भाऊ तिच्या वाक्यावर आपला स्वर चढवत नाही. शेवटच्या प्रेस्टोत पियानोला उसंतच नसते. तिथे तिची बोटे पाहुणी वाटत नाहीत, घरची वाटतात. जुन्या तबकडीत पियानोचा खर्ज पातळ ऐकू येतो, ही मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. दोष वादकाचा की यंत्राचा, हे वेगळे करणे समीक्षकाचे काम आहे.

स्वरमेळ हा दुसरा मुद्दा. पियानोचे स्वर, हार्मोनियमसारखेच, आधी बांधलेले. त्याच कारणाने श्रुतींचा आग्रह धरणाऱ्यांनी हार्मोनियमला विरोध केला आणि १९४० मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली. व्हायोलिनवर पडदे नसतात, म्हणून जुळवून घ्यायचे ते व्हायोलिनवादकाने. लांब स्वर धरताना तो पियानोच्या स्वरसंघाशी जुळतो का, हे कानाने तपासा.

यात पणाला काय लागले आहे? 'साथ' हा शब्द एखाद्याला आयुष्यभर चिकटतो. हेफ्झिबा एकल मैफलीही करीत असे. तरी चर्चा भावाचीच अधिक झाली. १९३८ मध्ये लग्न करून ती ऑस्ट्रेलियात मेंढपाळीच्या जमिनीवर राहायला गेली. त्यानंतरही ती वाजवत राहिली, पण ओळखली गेली ती मुख्यतः 'बहीण' म्हणून. एका शब्दाने इतके घडते असे नव्हे. पण परीक्षण लिहिणारा तो शब्द रोज पक्का करत असतो.

तेव्हा नवोदितांविषयी लिहिताना 'वयाच्या मानाने छान' हे वाक्यही टाळा. त्यात वयाचे कौतुक असते, वादनाचे नसते. कोणत्या जागी दोघे एकमेकांचे ऐकत होते आणि कोणत्या जागी नव्हते, ते लिहा. त्यांना त्याचाच उपयोग होईल.

स्वाध्याय
१. के. ५२६ चा संथ भाग दोनदा ऐका. दुसऱ्यांदा फक्त पियानोकडे लक्ष द्या. काय बदलले, दहा ओळींत लिहा.
२. 'साथ' हा शब्द न वापरता एका युगुलवादनाचे परीक्षण लिहा.
३. हिंदुस्थानी जुगलबंदी आणि सोनाटा यांतील संवादात कोणता मूलभूत फरक आहे?