धर्मविद्येची पदवी : खर्च व फलित

धर्मविद्येच्या पदवीचे मोल पदवीधरांच्या वेतनावरून ठरविण्याची जी रीत इंग्लंडमध्ये पडली आहे, ती सदोष होय; तीत अभ्यासक्रमाचा कस नव्हे, तर शासनाची तरतूद मोजली जाते. जर्मनीत शासकीय विद्यापीठांतील हे शिक्षण बहुतांशी निःशुल्क आहे. शिवाय राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाने धर्मशिक्षण हा शासकीय शाळांतील नियमित विषय ठरविल्यामुळे पदवीधरास अध्यापनाची वाट मोकळी राहते. इंग्लंडमध्येही तो विषय १९४४ च्या कायद्यापासून सक्तीचा आहे. पण तो शिकविणाऱ्यापाशी त्याच विषयाची पदवी असावीच, असा दंडक मात्र नाही! त्यात २०१२ पासून वार्षिक शुल्काची मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. तत्त्वज्ञान व धर्मविद्या यांना वाहिलेले, १६१४ साली स्थापन झालेले हीथ्रॉप महाविद्यालय त्यानंतर विद्यार्थी घटल्यामुळे अडचणीत आले आणि २०१९ मध्ये बंद झाले.