आरोळी जिवंत, गाणं थांबलेलं

अमेरिकी विद्यापीठांची विजयगीतं कविता म्हणून वाचायला बसलात, तर दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचणार नाही. प्रतिस्पर्ध्याला लोळवा, झेंडा उंच धरा, जय आपलाच. बहुतेकांचा ऐवज एवढाच. तरीही मिशिगनच्या मैदानात लाखाहून अधिक माणसं ती एका सुरात गातात. ही गाणी वाचण्यासाठी नाहीतच. पितळी वाद्यांच्या दणक्यावर, थंडीत कुडकुडत, उभ्यानं गाण्यासाठी आहेत आणि त्यांना तीच कसोटी लावायला हवी.

त्यांच्या आधीची गाणी संथ आणि गंभीर होती. हार्वर्डचं ‘फेअर हार्वर्ड’ १८३६ साली द्विशताब्दीसाठी लिहिलं गेलं, चाल मात्र आयरिश गाण्याची. कॉर्नेलनं १८७०च्या सुमारास ‘ॲनी लायल’ या गाण्याची चाल उचलली. मूळ गाणं एका मुलीच्या मृत्यूवरचं! पुढे कितीतरी विद्यापीठांनी तीच चाल घेतली आणि कॉर्नेलच्या गीतातल्या तळ्याऐवजी आपापल्या टेकड्या-नद्या शब्दांत बसवल्या. संगीतापुरतं बोलायचं तर हा सरळ उधारीचा व्यवहार होता.

खरी कल्पकता आरोळ्यांत दिसते. १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात आंतरविद्यापीठ फुटबॉलचा पहिला सामना झाला, आणि मग विद्यार्थी आपल्या संघापाठोपाठ आगगाडीनं गावोगाव जाऊ लागले. प्रिन्स्टनच्या आरोळीचं नावच ‘लोकोमोटिव्ह’. इंजिनासारखी ती सावकाश सुरू होते आणि वेग घेत जाते. येलच्या विद्वानांनी थेट ॲरिस्टोफेनिसच्या नाटकातला बेडकांचा कोरस मैदानात आणला. कॅन्ससची ‘रॉक चॉक’ ही लांबवत म्हणायची आरोळी १८८६ची. तिचा मूळ आराखडा ई. एच. एस. बेली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा. (आपल्याकडेही बनारस हिंदू विद्यापीठाचं कुलगीत शांतिस्वरूप भटनागर या रसायनशास्त्रज्ञानंच लिहिलं. साहित्याच्या प्राध्यापकांनी याचं काय ते वाटून घ्यावं.)

१८९८चा नोव्हेंबर या कलेच्या इतिहासातला सर्वांत भरगच्च महिना. २ तारखेला मिनेसोटाचा जॉनी कॅम्पबेल हा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्यानं साऱ्या गर्दीकडून एका तालात आरोळी म्हणवून घेतली. चीअरलीडिंगचा आरंभ इथून मानतात. २४ तारखेला मिशिगननं शिकागोला १२-११ असं हरवलं आणि त्या भरात लुई एल्बेल या विद्यार्थ्यानं ‘द व्हिक्टर्स’ रचलं. पुढच्याच वर्षी जॉन फिलिप सूझाच्या बँडनं ते ॲन आर्बरमध्ये वाजवलं. सूझाच्या मार्चनी तेव्हा अमेरिका भारून टाकली होती. विजयगीतांना साचा मिळाला तो तिथून.

मग रांगच लागली. १९०८ साली मायकेल आणि जॉन शे या भावांचं नोत्र दामचं गीत आलं. १९०९ साली ‘ऑन, विस्कॉन्सिन!’ आलं; विल्यम पर्डी ही चाल मिनेसोटाच्या स्पर्धेला पाठवणार होता, पण मित्रानं त्याला विस्कॉन्सिनकडे वळवलं. विद्यापीठाचं नाव बदललं तरी गाणं अडलं नाही, यातच या प्रकाराची ताकदही कळते आणि मर्यादाही. १९११ साली येलसाठी ‘बुलडॉग’ लिहिणारा कोल पोर्टर पुढे ब्रॉडवेवर गाजला. माझ्या मते या वीसेक वर्षांतच या कलेनं आपलं सर्वोत्तम देऊन टाकलं. त्यानंतरचं बरंचसं त्याच मार्चची नक्कल आहे.

अलीकडे काम चाललंय ते डागडुजीचं. मुलींना प्रवेश मिळून बरीच वर्षं झाल्यावर प्रिन्स्टननं १९८७ साली आणि डार्टमथनं १९८८ साली आपल्या गीतांतली फक्त ‘पुत्रांना’ उद्देशून असलेली भाषा बदलली. माजी विद्यार्थ्यांनी खळखळ केली, पण गाणी काही कोसळली नाहीत. टेक्सासचा पेच अधिक अवघड. तिथलं १९०३चं गीत पहिल्यांदा सादर झालं ते गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांची नक्कल करायच्या मिन्स्ट्रेल प्रयोगात. २०२० साली खेळाडूंनी त्यावर आक्षेप घेतला, समिती बसली, गीत मात्र कायम राहिलं. शब्द सुधारता येतात. जन्मकथा कशी सुधारणार?

मला यापेक्षा मोठी काळजी ध्वनिक्षेपकाची वाटते. हल्ली खेळ थांबला रे थांबला की कर्ण्यातून तयार गाणी सुटतात आणि बँडवाले वाद्यं मांडीवर घेऊन बसून राहतात. चीअरलीडिंग तर कसरतीच्या वाटेनं पार दुसरीकडे गेलं. ते बघण्यासारखं असतं, पण त्यात गर्दीच्या तोंडी काही उरत नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या वेळी ‘आव्वाज कुणाचा’ ही हाळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. एकानं विचारायचं, बाकीच्यांनी कॉलेजचं नाव गर्जायचं. शब्द नगण्य, चाल जवळपास नाहीच, पण नाट्यगृह दणाणतं. अमेरिकी विद्यापीठांनी नव्या गीतांच्या फंदात पडू नये. सामन्याच्या दिवशी ते कर्णे तेवढे बंद ठेवावेत.