माणूस ठरण्याची किंमत

आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘द बायसेंटेनियल मॅन’ या १९७६ सालच्या दीर्घकथेला ह्यूगो व नेब्युला हीं दोन्ही पारितोषिकें मिळालीं. यंत्रमानवाला माणसाचे हक्क असावेत कीं नाहीं, हा प्रश्न इतक्या शांतपणें मांडणारी दुसरी कथा माझ्या वाचनांत नाहीं. परंतु तिचा शेवट मला पटत नाहीं. कां, तें सांगतों.

अँड्र्यू हा मार्टिन कुटुंबांतील यंत्राचा घरगडी. लांकडावर कोरीव काम करण्याची कला त्याच्या ठायीं आहे. त्या कामाच्या उत्पन्नाचा अर्धा वांटा मालक त्याच्या नांवें बँकेंत ठेवतो. त्याच पैशानें अँड्र्यू स्वातंत्र्य विकत मागतो. ज्याला स्वातंत्र्याची कल्पना कळते आणि जो तें इच्छितो, त्याला तें नाकारतां येत नाहीं, असा न्यायाधीशाचा निवाडा होतो. निवाडा उदार खरा. पण कथेचा गाभा त्यापुढें आहे. स्वतंत्र झालेला, अंगावर कपडे चढविलेला अँड्र्यू ग्रंथालयाकडे पायीं निघाला असतां दोन टवाळ पोरें त्याला अडवितात, कपडे उतरावयास सांगतात, त्याचे भाग सुटे करण्याचा बेत करतात. तो प्रतिकार करीत नाहीं. करूंच शकत नाहीं! माणसाची आज्ञा पाळावी, हा असिमॉव्ह यांच्या तीन नियमांपैकीं दुसरा नियम त्याच्या मेंदूंतच घडविलेला आहे. न्यायालयाच्या निवाड्यानें तो पुसला जात नाहीं. कागदावर स्वतंत्र आणि रस्त्यावर गुलाम, ही स्थिति दहा व्याख्यानांनींहि इतकी अंगावर येणार नाहीं.

एवढें साधल्यावर लेखक वाट बदलतो. यंत्रमानवांना इजा होईल अशा आज्ञांना मनाई करणारा कायदा होतो, तरी अँड्र्यूचें समाधान होत नाहीं. त्याला ‘माणूस’ ठरावयाचें आहे. तो देह बदलतो, शेवटीं मेंदूहि हळूहळू मरेल अशी व्यवस्था करून घेतो. तेव्हां कुठें जग त्याला माणूस म्हणतें. वाचकाचे डोळे ओलावतात. पण अर्जदारानें न्यायाधीशासारखें व्हावें, मरणहि पत्करावें, आणि मगच त्याचें गाऱ्हाणें मान्य व्हावें, हा न्याय कोणता? माणूस नसलेली ‘व्यक्ति’ कायद्याला नवीन नाहीं. हिंदु देवमूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति होय, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९२५ सालींच मानलें. मूर्तीला त्यासाठीं मर्त्य व्हावें लागलें नाहीं.

कारेल चापेक यांचें ‘आर. यू. आर.’ (१९२०) हें चेक नाटक रचनेच्या दृष्टीनें पुष्कळच ओबडधोबड. ‘रोबोट’ हा शब्द जगाला त्यांतूनच मिळाला. त्याचें मूळ वेठ या अर्थाच्या शब्दांत आहे. यंत्रमजुरांच्या हक्कांसाठीं आलेली हेलेना ग्लोरी कारखान्याच्या संचालकाशींच लग्न करून बसते, आणि मजूर बंड करून मानवजात संपवितात. उरतो एकटा अल्क्विस्ट. तो एका यंत्रकन्येला चिरावयास निघतो तेव्हां प्रायमस तिच्याऐवजीं स्वतःला पुढें करतो, आणि मग तीहि त्याच्यासाठीं तेंच करते. अल्क्विस्ट दोघांना सोडून देतो. आपण माणूस असल्याचा दाखला कोणाकडे मागावा, हें त्यांच्या मनांतहि येत नाहीं.