रंगाखालचा पत्रा : मोटारींच्या जुन्या पुस्तकांविषयी

मोटारगाड्यांच्या इतिहासाची जुनी पुस्तके कुठल्या गठ्ठ्यात ठेवायची, हे पदपथावरच्या विक्रेत्यांना कधीच नीट ठरवता आलेले नाही. मुंबईत फाउंटनच्या परिसरात ती अभियांत्रिकीच्या गाइडांखाली दबलेली असतात. दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये महिला हाटमध्ये गेला. तिथे ती जाडजूड चित्रांच्या पुस्तकांत सापडतात. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर कधी प्रवासवर्णनांत, तर कधी चक्क बालवाङ्मयात. समीक्षकांनीही त्यांची जागा ठरवलेली नाही. गाडीवरचे पुस्तक म्हणजे छंदी माणसाची खरेदी, साहित्याशी त्याचा काय संबंध, असा एकूण समज आहे.

मी ही पुस्तके वीसेक वर्षे जमवतो आहे. जुनी गाडी बाळगण्याची माझी ऐपत नाही आणि खरे सांगायचे तर हौसही नाही. माझा रस आहे तो या गाड्यांविषयी लिहिल्या गेलेल्या गद्यात. हे गद्य यंत्राविषयी बोलता बोलता माणसांविषयी बरेच काही सांगते आणि बरेच काही झाकते. म्हणून ते कादंबरी किंवा आत्मचरित्र वाचावे तितक्याच सावधपणे वाचायला हवे, असे माझे म्हणणे आहे. ते चार-पाच पुस्तकांच्या आधाराने मांडतो.

पहिले पुस्तक आल्फ्रेड नॉयबाउअर यांचे. हे मर्सिडीज-बेंझच्या शर्यतपथकाचे व्यवस्थापक. १९५५ साली ल माँच्या शर्यतीत ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने शर्यती थांबवल्या. १९५८ मध्ये नॉयबाउअर यांचे आत्मकथन जर्मनमध्ये आले आणि पुढे इंग्रजीत ‘स्पीड वॉज माय लाइफ’ या नावाने. त्यातली एक गोष्ट जगभर पोहोचली. १९३४ च्या नव्या नियमाप्रमाणे ग्रां प्रीच्या गाडीचे वजन चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून ७५० किलोच्या आत हवे होते. नुर्बुर्गरिंगवरच्या आयफेल शर्यतीआधी गाडी तराजूवर चढवली, तर ती एक किलोने जास्त भरली. मग मेकॅनिकांनी रात्रभर बसून गाडीवरचा पांढरा रंग खरवडून काढला. सकाळी उरला तो नुसता चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा. मानफ्रेड फॉन ब्राउखिच यांनी त्या गाडीवर शर्यत जिंकली आणि ‘चांदीचे बाण’ हे नाव जन्माला आले.

गोष्ट म्हणून यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. अडचण एकाच किलोची, हाताशी एकच रात्र, ऐन वेळी सुचलेली युक्ती, आणि पहाटे उजळून निघालेला पत्रा. बखरी वाचलेल्या मराठी वाचकाला हा साचा ओळखीचा वाटेल. पानिपताच्या बखरी पराभवानंतर लिहिल्या गेल्या. त्यांत आकडे फुगतात, संवाद रंगतात आणि दैव ऐन मोक्याला हजर होते. नॉयबाउअर यांचे पुस्तकही पराभवानंतरचेच आहे. शर्यतीच्या मैदानावरचा पराभव नव्हे, एका राष्ट्राचा. बखरकाराला आपल्या बाजूची माणसे शूर होती हे सांगायचे असते. ती कोणासाठी लढत होती, हे विचारायला त्याच्याकडे सवड नसते.

अडचण अशी, की १९३४ ची ती आयफेल शर्यत मुक्त नियमांखाली झाली होती. ७५० किलोची मर्यादा तिला लागूच नव्हती. शिवाय १९३२ मध्येच बर्लिनच्या आव्हुसवर ब्राउखिच यांच्या चंदेरी गाडीला समालोचकाने चांदीचा बाण म्हटले होते. म्हणजे नावही त्या रात्रीचे नाही. एबरहार्ड रॉइस यांचे ‘हिटलर्स मोटर रेसिंग बॅटल्स’ हे पुस्तक २००८ मध्ये इंग्रजीत आले. त्यात या दंतकथेची तपासणी आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दंतकथेमागे काय होते तेही आहे. १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझी सरकारने शर्यतीच्या गाड्यांसाठी मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोन्ही कंपन्यांना सरकारी पैसा दिला. ऑटो युनियनचा लाडका चालक बेर्न्ट रोझेमायर एसएसमध्ये होता. जानेवारी १९३८ मध्ये फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट महामार्गावर वेगाचा उच्चांक करताना तो मेला, आणि त्याच्या मृत्यूचाही राजवटीने सोहळा केला.

आता रंग खरवडण्याची गोष्ट पुन्हा वाचली, की तिचे काम लक्षात येते. ती आपली नजर मेकॅनिकांच्या बोटांवर खिळवते. घाम गाळणारी माणसे, एका किलोची फजिती, पहाटेचा विजय. या गोष्टीत विजयाची किंमत एका रात्रीचे जागरण एवढीच राहते आणि सरकारी तिजोरी चौकटीबाहेर जाते. खोटी माहिती ही या गोष्टीची लहान खोड आहे. मोठी खोड ही, की ती निरागस आहे, आणि ज्या काळाविषयी ती बोलते त्या काळात निरागस राहणे परवडणारे नव्हते.

जुन्या पुस्तकांचा संग्रह इथे उपयोगी पडतो. नव्या पुस्तकांच्या दुकानात शेवटची दुरुस्त आवृत्ती मिळते. माझ्या फळीवर मात्र आत्मकथन आहे, तीच गोष्ट निःशंकपणे सांगणारी नंतरच्या दशकांतली गुळगुळीत चित्रमय पुस्तके आहेत, आणि शेजारी रॉइस आहेत. चूक कशी जन्मली, कोणी उचलली, कोणी तिला छायाचित्र जोडले आणि ती केव्हा ‘सर्वांना ठाऊक’ झाली, हा सगळा प्रवास दोन हातांच्या अंतरात वाचता येतो. दुरुस्त झालेले सत्य ग्रंथालयातही मिळेल. चुकीची वंशावळ मात्र रद्दीतूनच गोळा करावी लागते.

दुसरे पुस्तक अगदी वेगळ्या जातीचे. एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘हॉर्सलेस कॅरेज’, १९५० चे, इंग्लंडमधल्या मोटारीच्या इतिहासावरचे. रोल्ट स्वतः अभियंते. कालव्यांवरच्या ‘नॅरो बोट’ या पुस्तकाने त्यांना नाव दिले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या पहिल्या मंडळींपैकी ते एक. या क्लबने १९३० हे साल सीमा मानले: त्या अखेरपर्यंत बनलेली गाडी व्हिंटेज, नंतरची नाही. ही सीमा तांत्रिक दिसते, पण ती खरे तर रसिकाची आहे. अमुक सालानंतर यंत्रातून हात नाहीसा झाला, असे ते एक विधान आहे. रोल्ट यांच्या गद्याचे बळ याच जाणिवेत आहे. यंत्र बनवणाऱ्याच्या हाताचा आणि यंत्राचा संबंध त्यांच्याइतक्या प्रेमाने फार थोड्यांनी लिहिला. आपल्याकडे बलुतेदारी गेल्याचे दुःख ज्या सुरात लिहिले गेले, त्याच्या जवळचा हा सूर आहे.

आणि त्याची मर्यादाही तीच. बलुतेदारीच्या आठवणी रम्य वाटतात त्या बहुधा बलुते देणाऱ्याला. घेणाऱ्याची आठवण निराळी असते. १९३० पूर्वीची हाताने घडवलेली गाडी सुंदर होती, पण ती कोण घेऊ शकत होते? ज्या स्वस्त, साच्यातून निघालेल्या गाडीने कारकुनाला आणि त्याच्या बायकोला रविवारी समुद्रावर नेले, तिच्या वाट्याला या परंपरेत प्रेम येत नाही.

म्हणून रोल्ट यांच्या शेजारी मी मुद्दाम डॉरथी लेव्हिट यांचे १९०९ चे ‘द वुमन अँड द कार’ ठेवतो. लेव्हिट शर्यतीत गाडी चालवत. त्यांचे पुस्तक बायकांना गाडी कशी चालवावी आणि दुरुस्त करावी हे सांगते. हात काळे होतील, म्हणून काय घालावे. सीटखालच्या खणात काय ठेवावे. एकटीने लांब जायचे तर पिस्तूल जवळ असलेले बरे. आणि एक छोटा हातआरसा असू द्यावा, म्हणजे अधूनमधून तो उंच धरून मागचा रस्ता पाहता येईल. पुढे प्रत्येक गाडीत आलेल्या आरशाची कल्पना इथे एका बाईच्या खणात आहे. या पुस्तकात हरवलेल्या सुवर्णकाळाचे दुःख कुठेच नाही, कारण लेखिकेपाशी हरवायला सुवर्णकाळ नव्हता. तिच्या हाती नुकतेच सुकाणू आले होते.

‘अस्सल’ म्हणजे काय, हा या छंदातला कायमचा वाद. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीवरून खटला झाला. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल माँ जिंकलेली ही गाडी. पुढे तिचे इंजिन बदलले, सांगाडा बदलला, बॉडी बदलली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सवर तिच्यात चालक मेला, ती पुन्हा बांधली गेली. विजयाच्या दिवसाचे तिच्यात फारच थोडे उरले होते. तेव्हा ही तीच गाडी नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने व्यवहार नाकारला. न्यायाधीशांनी तिला तीच गाडी ठरवले, कारण तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. आजीच्या गोधडीतले पहिले लुगडे कधीच विरून गेलेले असते, तरी गोधडी आजीचीच राहते, त्यातला हा प्रकार. पण या निकालाची दुसरी बाजूही आहे. अस्सलपण जर सलग इतिहासावर ठरणार असेल, तर ज्यांचा इतिहास कोणी लिहिलाच नाही त्यांचे काय?

हा प्रश्न घेऊन भारताकडे यावे. आपल्याकडे या विषयावरची देखणी पुस्तके बहुतेक संस्थानिकांच्या गाड्यांवर आहेत. मानवेंद्रसिंह बडवानी आणि शारदा द्विवेदी यांचे ‘द ऑटोमोबाइल्स ऑफ द महाराजाज’ (२००३) हे त्यांतले मेहनतीचे. पण या एकूण वाङ्मयाभोवती एक कथा माशीसारखी घोंगावत असते: लंडनच्या दुकानात अपमान झालेल्या महाराजांनी रोल्स-रॉइस गाड्या विकत घेतल्या आणि कचरा उचलायला लावल्या. बहुतेक वेळा राजा अलवरचा असतो, पण कधी भरतपूरचा, कधी पतियाळाचा, कधी थेट निजाम. गाड्यांची संख्याही सांगणाऱ्याप्रमाणे बदलते. राजा बदलला तरी चालते, आकडा बदलला तरी चालते. अशी गोष्ट इतिहासाची नसते, ती आपल्या इच्छेची असते. गोऱ्या विक्रेत्याचा सूड आपण कचऱ्याच्या गाडीतून घेतो. या गोष्टीत सर्वांना नाव आहे, फक्त ती गाडी चालवणाऱ्या आणि कचरा भरणाऱ्या माणसाला नाही. नॉयबाउअर यांच्या गोष्टीत निदान मेकॅनिक दिसतात तरी.

मराठीपुरते पाहिले तर मोटार वाङ्मयात शिरली ती वेगळ्या दाराने. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या १९५१ च्या इंग्रजी आठवणींत मुंबईत मोटारकारखाना काढण्याच्या योजनेची हकीकत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, आणि त्यांचे चरित्र लिहिले ते गं. दे. खानोलकरांनी, म्हणजे ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’ सिद्ध करणाऱ्या माणसाने. या लेखनात मोटार ही चैन नाही, शर्यत नाही. ती परवानगी, भांडवल आणि परकी सत्ता यांच्याशी झालेली झुंज आहे. युरोपातल्या वेगाच्या गद्यासमोर हे गद्य रूक्ष वाटेल. मला ते अधिक प्रामाणिक वाटते, कारण पैसा कुठून आला हा प्रश्न इथे पहिल्या पानापासून हजर आहे. उणीव एकच: कारखाना उभा राहिला, की पुस्तक संपते. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचे पुढचे आयुष्य कोणी लिहिले नाही.

ते आयुष्य मला एकाच ठिकाणी थोडेफार वाचायला मिळाले. फियाट ११०० च्या दुरुस्तीचे एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे आहे. बांधणी खिळखिळी, पानांवर ग्रीसचे ठसे, मालकाचे नाव नाही. समासात पेन्सिलीने मराठी: कुठला पाना, पॅकिंग कसले, कुठला आटा जपून फिरवायचा, आणि एका ठिकाणी छापील पद्धत खोडून आपली सोपी पद्धत. या माणसाने इंग्रजी पुस्तक नुसते वाचले नाही, त्याची समीक्षा केली आहे. जे पटले ते ठेवले, जे इथल्या रस्त्यावर आणि इथल्या सुट्या भागांत चालणार नाही ते छाटले. माझ्या सगळ्या संग्रहात याहून चांगली टीका नाही.

ही फियाट पुढे पद्मिनी झाली आणि पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, छायाचित्रे आली. आता चित्रमय पुस्तकेही येतील, आणि त्यांतून एखादी सुबक दंतकथा जन्मेल. ती कुठली असेल एवढेच पाहायचे. पण गिअर स्टिअरिंगला असलेली ती गाडी चाळीस-चाळीस वर्षे ज्यांनी हाताने चालती ठेवली, ते मेस्त्री आणि चालक अजून आहेत. ते मराठी बोलतात, हिंदी, उर्दू, भोजपुरी, कोकणी बोलतात. त्यांचे पुस्तक कुठल्याही पदपथावर मिळत नाही, कारण ते लिहिलेच गेलेले नाही. ते एका भाषेत लिहिता येण्यासारखेही नाही, आणि या नियतकालिकाच्या वाचकांना ही अडचण न वाटता निमंत्रण वाटावे. त्यांच्याकडे जाऊन लिहून घ्यायला अजून वेळ आहे, पण फार नाही.