अधिकाऱ्याचे चिलखत

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) या कादंबरीतील शिपाई यंत्राच्या बळावर चालणारी चिलखते घालून परग्रहांवर लढतात. अधिकाऱ्याच्या चिलखतात वेग आहे, उंच उडी आहे. पण नजरेत भरतो तो रेडिओ-रडारचा सरंजाम, इतरांच्या तिप्पट! हुद्दा वाढला की कान वाढावेत, ही कल्पना वर्गातली पन्नास तोंडे ऐकणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला पटायचीच. लेखक स्वतः अमेरिकन नौदलात अधिकारी होते, ते येथे जाणवते. १९९७ च्या चित्रपटाने ही यंत्रचिलखतेच गाळली. कथेचा प्राणच गेला म्हणा ना! माझी तक्रार मात्र कादंबरीवरही आहे. अधिकारी झालेला रिको आपल्या प्रत्येक शिपायाचा शब्द टिपतो. समोरच्या कीटकांची बाजू मात्र एवढ्या यंत्रांतून त्याला एकदाही ऐकू येत नाही.