चिठ्ठीतले दोन तास

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांऐवजी ‘निसर्गात वेळ घालवा’ असे लिहिलेले असेल, तर? स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर २०१८ पासून डॉक्टर अशा चिठ्ठ्या देऊ लागले. कॅनडात २०२० साली सुरू झालेल्या उपक्रमात तर मात्राही ठरलेली आहे : आठवड्याला किमान दोन तास आणि एका वेळी किमान वीस मिनिटे. सल्ला स्वस्त आहे, बहुतेकांना निरुपद्रवीही आहे. परंतु औषध आणि मात्रा हे शब्द वापरले की पुराव्याची कसोटी लावायलाच हवी.

दोन तासांच्या आकड्याला मोठा आधार मिळाला तो मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांच्या २०१९ सालच्या अभ्यासाचा. इंग्लंडमधील सुमारे २०,००० व्यक्तींच्या पाहणीतील माहिती त्यांनी तपासली. आठवड्यात १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांपैकी अधिक जणांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे सांगितले. त्याहून कमी वेळ जाणाऱ्यांत आणि मुळीच न जाणाऱ्यांत मात्र तसा फरक दिसला नाही.

आता आकडा मिळाला कसा ते पाहा. प्रकृती कशी आहे हे ज्याचे त्यानेच सांगितले. आठवड्यातील एका भेटीचा वेळ विचारून त्याला भेटींच्या संख्येने गुणले. शिवाय सारी माहिती एकाच वेळी घेतलेली. मग फिरल्यामुळे प्रकृती सुधारली, की प्रकृती चांगली होती म्हणून फिरणे जमले? दीर्घकाळ आजारी असणाऱ्यांतही हाच संबंध दिसला, त्यामुळे शंका थोडी कमी होते. मिटत मात्र नाही. संशोधकांनी ही मर्यादा स्वतःच नोंदवली होती. चिठ्ठीपर्यंत येता येता ती गळून पडली.

याहून चांगली तुलना रॉजर उलरिच यांनी १९८४ सालीच केली होती. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. जोडीतील दोघांचे लिंग, वय, धूम्रपान इत्यादी गोष्टी शक्यतो सारख्या होत्या. एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. पण रुग्ण केवळ ४६. शिवाय झाडे उपकारक ठरली की कंटाळवाणी भिंत अपायकारक, हे यावरून ठरत नाही.

खरा प्रयोग झाला तो फिलाडेल्फिया शहरात. संशोधकांनी तेथील ५४१ पडीक जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन गटांत वाटल्या. काही जागांवर गवत आणि थोडी झाडे लावली, काही नुसत्याच स्वच्छ केल्या, काहींना हात लावला नाही. हात न लावलेल्या जागांच्या तुलनेत हिरव्या केलेल्या जागांच्या आसपास ‘खिन्न वाटते’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले. नुसत्या स्वच्छतेने लक्षणीय फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. येथेही सांगणारे लोक स्वतःच होते, तरी कोणाजवळची जागा हिरवी व्हायची हे त्यांच्या प्रकृतीवर अवलंबून नव्हते.

आणि या प्रयोगात कोणालाही चिठ्ठी दिलेली नव्हती! उपचार झाला तो माणसांवर नव्हे, वस्तीवर. चिठ्ठी मात्र जबाबदारी रुग्णावर टाकते. ज्याच्या घराजवळ बाग नाही, ज्याला कामातून सवड नाही, त्याने हे दोन तास आणायचे कोठून? उत्तम पुराव्याचा रोख पाहिला, तर पहिली चिठ्ठी नगरपालिकेच्या नावे लिहायला हवी.

अशी एखादी बातमी वर्गात वाचून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत : तुलना कोणाची कोणाशी केली? गट कोणी आणि कसे पाडले? मोजले काय? एवढ्यावर त्यांना बातमीचे वजन करता येईल. त्यानंतर तास मैदानातल्या झाडाखाली घ्यायला हरकत नाही. त्यासाठी मात्र दोन तासांच्या आकड्याची गरज नाही.