लायसन्स फुकट, पण दुरुस्ती कोण करणार?

'मोठ्या कंपन्यांमध्ये मुक्तस्रोत टेस्टिंग टूल्सचा वापर' असा विषय पीएचडीसाठी डोक्यात असेल, तर सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक पेपर वाचाच. लिओट्टा, क्लेरिसी, रिक्का आणि टोनेला या चौघांचा, 2013 सालचा. या विषयावरचं बरंचसं लिखाण 'लायसन्स फुकट, म्हणजे खर्च कमी' इथेच थांबतं. हा पेपर तिथून पुढे जातो.

त्यांनी सहा वेब ॲप्स घेतली आणि प्रत्येकाच्या टेस्ट दोन पद्धतींनी तयार केल्या. एक, सेलेनियम आयडीईमध्ये ब्राउझरवरच्या क्लिक रेकॉर्ड करून. दुसरी, सेलेनियम वेबड्रायव्हर वापरून कोड लिहून. मग ॲपची पुढची आवृत्ती घेऊन त्याच टेस्ट दुरुस्त केल्या. वेळ दोन्ही टप्प्यांवर मोजला. कोड लिहायला रेकॉर्डिंगपेक्षा 32 ते 112 टक्के जास्त वेळ लागला, पण दुरुस्तीत 16 ते 51 टक्के वेळ वाचला.

आता गंमत बघा. दोन्ही टूल्स मुक्तस्रोत, लायसन्सचा खर्च दोन्हीकडे शून्य. तरी खर्चात एवढा फरक! म्हणजे पैसे जातात ते माणसांच्या तासांमध्ये. समजा, रेकॉर्डिंगला 100 तास लागले आणि कोडला 140. दर रिलीजला दुरुस्तीसाठी अनुक्रमे 50 आणि 30 तास. दुसऱ्या रिलीजला हिशेब बरोबरीत येतो, तिसऱ्यापासून कोड स्वस्त पडतो. पहिल्याच दिवशी मोजलं असतं तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता.

आपल्या मावळात ही गोष्ट शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. इंद्रायणी भात वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातला, 1987 साली प्रसारित झालेला. भाताच्या वाणाची शिफारस कोणी एका हंगामाचा उतारा बघून करत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, काही हंगाम चाचण्या घ्याव्या लागतात. मग टूलची शिफारस एका लॉगिन पेजवरून कशी करायची?

पेपर चांगला आहे, पण त्याच्या मर्यादाही वाचायला शिका. ॲप्स सहाच, आणि तीही मुक्तस्रोत. मोठ्या कंपनीत टेस्ट हजारोंनी असतात, आणि लिहिणारा माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. दुसऱ्याने लिहिलेली टेस्ट आधी समजून घ्यायची, मग दुरुस्त करायची, यातला वेळ या सहा ॲप्सवरून कळणार नाही.

दुसरा मुद्दा लहरी टेस्टचा. कोड तोच, पण टेस्ट कधी पास, कधी फेल. गुगलने 2016 मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे 1.5 टक्के टेस्ट-रनमध्ये असा लहरी निकाल येतो, आणि जवळजवळ 16 टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा आहे. हे आकडे त्यांच्या सगळ्या टेस्टचे आहेत, सेलेनियमचे नव्हेत. उगाच तसे वापरू नका. पण प्रश्न खरा आहे: खोट्या फेलमागे धावण्यात गेलेले तास कुठल्या खात्यात धरायचे? 'कुठलं टूल भारी' या तुलनेत ते येतच नाहीत.

तेव्हा तुमच्या सिनॉप्सिसमध्ये टूल्सच्या सुविधांचा तक्ता कमी आणि दुरुस्तीचा हिशेब जास्त असू द्या. कंपनी डेटा देत नसेल, तर मुक्तस्रोत प्रकल्पांचा कमिटचा इतिहास सगळ्यांना खुला आहे. टेस्ट कधी, कशामुळे बदलली ते त्यात सापडतं. आणि तळेगावात राहून हिंजवडीला जाणारा एखादा टेस्टर ओळखीत असेलच. त्याला 'कुठलं टूल वापरता?' हे विचारू नका. 'गेल्या रिलीजला किती टेस्ट दुरुस्त कराव्या लागल्या, आणि त्या कोणी केल्या?' हे विचारा. तुमचा संशोधनाचा प्रश्न त्या उत्तरात सापडेल.